वंदनेतील शब्द आणि आपले मन
(सातारा व सांगली येथील उपासक-उपासिकांपुढे दिलेले भाषण)



वकिलाला शब्दांचा संशय घेण्याची सवयच असते. म्हणून आमच्या काही तरुणांना त्रिसरण म्हणताना संकोच वाटतो, याचे मला नवल वाटत नाही. मराठीत शरण जातो तो हरलेला. पिढ्यान्‌पिढ्या गावापुढे वाकलेल्या समाजाने पुन्हा शरण का जावे? प्रश्न रास्त आहे. परंतु पालीतील ‘सरण’ म्हणजे आश्रय, आसरा. पावसात छपराखाली उभा राहणारा छपरापुढे हार मानीत नाही. ‘सिक्खापद’ या शब्दाचेही तसेच. पंचशील हा वरून सुटलेला हुकूम नव्हे. म्हणणारा तो नियम स्वखुशीने स्वतःवर घेतो.

दुसरीकडे, पुण्यानुमोदनाच्या प्रसंगी एखादी आजी सहज ‘देवाघरी गेले’ म्हणते आणि मागच्या रांगेतील शिकलेली मुले हसतात. हे हसणे मला मुळीच मान्य नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्या भिवाचे नाव दाखल झाले, त्याचे वडील रामजी सुभेदार कबीरपंथी होते. त्या घरात संतवाणीच कानांवर पडे. पुढे बाबासाहेबांनी तो मार्ग विचारपूर्वक सोडला. तरी १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. मार्ग सोडणे वेगळे, वडीलधाऱ्यांची थट्टा करणे वेगळे.

मग कोणताही शब्द चालेल काय? नाही. बुद्ध हा विष्णूचा अवतार, असे कोणी प्रेमाने म्हटले तरी ते बावीस प्रतिज्ञांच्या विरुद्ध आहे. तेथे सौजन्याने पण स्पष्ट नकार द्यावा. ‘पूजा’ या शब्दाला मात्र बिचकण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी स्वतः तयार केलेल्या पुस्तिकेचे नावच ‘बौद्ध पूजा पाठ’ आहे. पुष्प वाहताना आपण काही मागत नाही, एवढे ध्यानात असले म्हणजे झाले.

उच्चारलेल्या शब्दाला कायद्यातही वजन असते. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या पंजाबराव विरुद्ध मेश्राम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्म ‘मानणे’ याचा अर्थ तो उघडपणे जाहीर करणे असा लावला, आणि बौद्ध झालेल्या मेश्रामांची राखीव जागा गेली. नवदीक्षितांच्या अनुसूचित जातीच्या दर्जाची ती अडचण १९९० च्या दुरुस्तीने दूर झाली. पण आपल्या लोकांनी एका जाहीर उच्चाराची केवढी किंमत मोजली, हे त्यावरून दिसते. ज्या शब्दांसाठी एवढे सोसले, ते अर्थ न समजता पाठ म्हणावेत काय?

नागपुरास १४ ऑक्टोबर १९५६ रोजी पाली शीलांबरोबर साध्या भाषेतील प्रतिज्ञाही होत्या. आपणही दर पौर्णिमेला वंदनेनंतर एकच पाली शब्द घ्यावा, त्याचा मराठी अर्थ सांगावा आणि शंका विचारू द्याव्यात. पहिली शंका आजीने विचारावी. येत्या पौर्णिमेस ‘सरण’ हा शब्द घेऊ.