शस्त्रक्रियेपूर्वीचे पथ्य आणि पंगतीतला आग्रह
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या व्यासपीठावरून शिक्षणनिधी, वधूवरसूचक मंडळ, वसतिगृहाची इमारत अशा विषयांवर आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. स्वतःच्या पोटाविषयी बोलण्याचा प्रसंग मात्र बहुधा प्रथमच येत असावा. कार्यकारी मंडळाने आज्ञा केली तेव्हा आम्ही संकोचलो. परंतु या सभागृहात बसलेल्यांपैकी काहींनी आम्हांला एकांतात गाठून याच गोष्टीविषयी विचारले आहे, म्हणून संकोच बाजूला ठेवतो. स्वतःला 'आम्ही' म्हणण्याची आमची जुनी खोड आहे. २०२३ सालापर्यंत ते बहुवचन आमच्या देहालाही शोभून दिसत असे!

त्या वर्षाच्या आरंभी आमचे वजन १२८ किलो होते आणि उंची पाच फूट सहा इंच. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले म्हणजे जो अंक येतो त्यास बी.एम.आय. म्हणतात. आपल्या देशातील तज्ज्ञांनी २००९ मध्ये भारतीयांसाठी २५ पासून पुढे स्थूलता धरावी असे ठरविले. आमचा अंक ४५ भरला. मधुमेह बारा वर्षांचा झाला होता, गुडघे जिना चढू देत नव्हते, आणि रात्री झोपेत श्वास मध्येच थांबत असे. आमच्या सौभाग्यवती अंधारात जागून तो श्वास ऐकत बसत आणि थांबला की हलवून जागे करीत. आम्ही घोरत होतो, आणि झोप मात्र त्यांची जात होती.

अखेर जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करावी असे ठरले. ही विद्या अगदी नवी नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये स्थूलतेसाठी जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून तिचा प्रवास सुरू आहे. आमच्यासाठी सुचविलेल्या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात.

शल्यविशारदांनी मात्र एक अट घातली. तीन महिन्यांत पाच-सहा किलो वजन उतरवा आणि त्यानंतरचे शेवटचे दोन आठवडे कडक पथ्य पाळा. आम्ही म्हणालो, "डॉक्टरसाहेब, वजन उतरत नाही म्हणून तर आपल्या दारी आलो!" त्यांनी कागदावर आकृती काढून दाखविली. यकृताचा डावा खंड जठराच्या वरच्या भागावर पसरलेला असतो. आमच्यासारख्यांच्या यकृतात चरबी साठून ते फुगते. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना ते उचलून बाजूला धरावे लागते. फार मोठे असेल तर जठर नीट दिसत नाही, आणि त्याला इजा झाली तर रक्तस्राव होतो. दोन आठवडे रोज सुमारे ८०० ते १००० कॅलरींचा, प्रथिने भरपूर आणि पिष्ट कमी असलेला आहार घेतला म्हणजे यकृतातील साठा खर्च होऊन ते आक्रसते. आधी किती किलो उतरवावे याविषयी सर्व डॉक्टरांचे एकमत नाही, परंतु यकृताचे कारण आम्हांला पटले.

पटणे सोपे होते. पाळणे सोपे नव्हते. ते दिवस चैत्र-वैशाखाचे. आपल्या ज्ञातीतच तीन लग्ने होती. प्रत्येक पंगतीत वाढपी आमच्यापुढे थबके, यजमान हात जोडून म्हणत, "आपण नाही म्हटलेत तर आमचा अपमान होईल." मग आमरसाची वाटी पुन्हा भरली जाई. त्याच पंगतीतून हात धुऊन उठताना मागे कुजबुज ऐकू येई, "यांना जिभेवर ताबाच नाही!" वाढणारे आणि कुजबुजणारे पुष्कळदा एकच असत. घरी आल्यावर लाजेने आम्ही कोणाशी बोलत नसू, आणि सर्व निजले म्हणजे फरसाणाचा डबा उघडीत असू. जून महिन्यात काट्यावर उभे राहिलो तो वजन साडेतीन किलो वाढलेले! शस्त्रक्रियेचा ठरलेला दिवस पुढे ढकलला गेला. परतताना रिक्षात सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "मी अजून किती रात्री जागू?"

बंधुभगिनींनो, भूक हा निव्वळ मनाचा दुबळेपणा आहे अशी आमचीही समजूत होती. शास्त्र निराळे सांगते. जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये घ्रेलिन नावाचे भूक चेतविणारे संप्रेरक शोधून काढले. ते मुख्यतः जठरातच तयार होते आणि पथ्याने वजन उतरले की शरीर ते वाढविते. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन उतरल्यानंतर वर्षभरानेही ही भूक पूर्ववत झाली नव्हती. म्हणजे वजन उतरविणारा माणूस स्वतःच्या देहाच्या इच्छेविरुद्ध झुंजत असतो. त्याला टोमण्याचा उपयोग होत नाही, सोबतीचा होतो. आणि जे अंगाने सडपातळ आहेत त्यांनीही हसू नये. आपल्या पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बी.एम.आय. एकच, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छायाचित्रासह छापून आले.

दुसऱ्या वेळी आम्ही एकट्याने पथ्य केले नाही, घराने केले. फरसाणाचा डबा घरात येणे बंद झाले. रात्रीच्या जेवणाला मुगाचे धिरडे, पनीर, दुधीची भाजी आणि ताक सर्वांच्याच ताटात आले. आमच्यासाठी वेगळे ताट मांडले गेले नाही, हे आम्हांला फार मोलाचे वाटले. सायंकाळी पाच वाजता भूक अनावर होई, त्या वेळी सूनबाई आमच्याबरोबर फिरायला निघत. रात्री श्वासासाठी यंत्र लावून झोपू लागलो. त्या वर्षी श्रावण अधिक होता. जावयाला अनारशांचे वाण दिले, आणि आमच्या पानावर एकही अनारसा वाढू नये असे जावईबापूंनीच बजावले. पितृपक्ष उजाडला तेव्हा वजन १२३ किलोंवर आले होते.

शेवटचे दोन आठवडे पितृपंधरवड्यातच आले. पहिले तीन दिवस डोके दुखे, चिडचिड होई. मधुमेहाच्या डॉक्टरांनी इन्सुलिनची मात्रा आधीच कमी करून दिली होती. येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. मधुमेह असलेल्याने असे पथ्य आपल्या मनाने कधीही सुरू करू नये. औषध पूर्वीइतकेच आणि अन्न थोडे, असे झाले तर रक्तातील साखर एकाएकी उतरून प्राणावर बेतते.

नवव्या दिवशी आमच्या तीर्थरूपांची तिथी होती. स्वयंपाकघरात खीर आणि वडे. आम्ही दोन वडे गुपचूप खाल्ले. वहीत लिहावे की लिहू नये, याचा विचार करीत रात्र काढली आणि पहाटे लिहिले. आहारतज्ज्ञ बाईंनी वही वाचून म्हटले, "लिहिलेत, आता पुढच्या जेवणापासून सुरू." त्या एका वाक्याने आम्ही पुन्हा मार्गावर आलो. एरवी 'मोडलेच आहे तर मोडू द्या' म्हणून सगळेच सोडले असते.

नवरात्रात शस्त्रक्रिया झाली. त्या सकाळी वजन ११८ किलो होते. यकृत आडवे आले नाही, असे शल्यविशारदांनी सौभाग्यवतींना बाहेर येऊन सांगितले. आज आमचे वजन ८९ किलो आहे, इन्सुलिन सुटले आहे, आणि फेरतपासणीनंतर श्वासाचे यंत्रही ठेवून दिले आहे. शस्त्रक्रिया ही जादू नव्हे. जीवनसत्त्वे जन्मभर घ्यावी लागतात, घास सावकाश चावावा लागतो, आणि सवयी सुटल्या तर वजन परत येऊ शकते. शस्त्रक्रियेपूर्वीचे ते महिने म्हणूनच आम्हांला खऱ्या शिक्षणाचे वाटतात.

आपल्या ज्ञातीला एवढीच विनंती. आग्रह ही आपल्या आदरातिथ्याची खूण आहे. ती पुसावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु कोणी ताटावर हात आडवा धरला तर एकदा विचारून थांबावे. पुढल्या संमेलनाच्या पंगतीत ताक आणि कोशिंबीर पहिल्यांदा वाढावी. आणि कोणाच्या देहाकडे पाहून थट्टा ओठांवर आलीच, तर त्याच्या घरी रात्री कोण जागत असेल, हे एकदा मनात आणावे.

आमच्या घरी आता दोघेही झोपतात.