गादी सरकली म्हणजे नेमके काय?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मी इंदूरच्या एका सरकारी रुग्णालयात एक्स-रे तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नव्हे. तेव्हा औषध सांगणार नाही. पण कंबर धरून आत येणारी माणसे रोज पाहतो. "गादी सरकली, आता कायमचं पांगळेपण," ही भीतीही रोज ऐकतो. म्हणून ही गादी दुखते कशी, तेवढे सांगतो.

आपल्या कण्यात २३ गाद्या असतात. प्रत्येकीच्या मध्यभागी मऊ गर आणि भोवती चिवट तंतूंचे एकावर एक वेढे. निरोगी गादीत वेदना जाणणारे मज्जातंतू या वेढ्यांच्या फक्त बाहेरच्या तिसऱ्या भागापर्यंत जातात. आतला भाग बधिर असतो.

यांतला एक मुख्य मज्जातंतू लुश्का या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्येच वर्णिला होता. तरी गादीला स्वतःची संवेदना नाही, असे अनेक डॉक्टर पुढे कित्येक वर्षे मानत. १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार यांनी बाहेर आलेली गादी नस दाबते हे दाखवले आणि सगळे लक्ष नसेकडे गेले. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात बोगडुक आणि सहकाऱ्यांनी कंबरेच्या गाद्यांना येणारे मज्जातंतू सविस्तर दाखवून दिले. १९९७ मध्ये आणखी एक गोष्ट कळली: दीर्घकाळ दुखणाऱ्या, झिजलेल्या काही गाद्यांत हे तंतू खोलवर वाढलेले असतात.

१९९१ मध्ये कुसलिच या अमेरिकन सर्जनने रुग्ण जागा ठेवून, जागा बधिर करत केलेल्या शस्त्रक्रियांचे अनुभव प्रसिद्ध केले. दबलेल्या, सुजलेल्या नसेला स्पर्श झाला की पाय दुखे; गादीच्या बाहेरच्या वेढ्याला झाला की कंबर दुखे. म्हणजे दुखणी दोन. शिवाय एका गादीला वरखालच्या पातळीवरूनही तंतू येतात, म्हणून कंबरेचे दुखणे बोटाने नेमके दाखवता येत नाही.

आता रिपोर्टविषयी. काहीही न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गादीची झीज विशीत ३७ टक्के, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीत ९६ टक्के लोकांत दिसली! केस पिकावेत तशी गादीही पिकते. रिपोर्टात "डिस्क बल्ज" लिहिले म्हणून दुखण्याचे मूळ तेच, असे होत नाही. डॉक्टर आधी माणूस तपासतात आणि मग फिल्म पाहतात, ते याचसाठी.

कंबरेत उसण भरली तर बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. बाहेर आलेला गरही अनेकदा आपोआप आक्रसतो. अंथरूण धरून राहू नका; झेपेल तेवढे हिंडा-फिरा. भीतीपोटी माणूस आधी वाकणे सोडतो, मग बाजार, मग अनंत चतुर्दशीच्या झांक्या. गादीपेक्षा ही भीतीच जास्त जायबंदी करते.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली शक्ती कमी होऊ लागली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. सकाळची वाट पाहू नका. दुखण्यासोबत ताप असेल, कारण नसताना वजन घटत असेल, पूर्वी कर्करोग झाला असेल किंवा उतारवयात पडल्यावर दुखू लागले असेल, तरीही चालढकल नको.

गणपती बाप्पा मोरया!