फळीवरची पोरे आणि जागेचा पुरावा

(कोळगाव येथे तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे मला येथून दिसले. शहरातील स्केटबोर्ड खेळणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेऊन त्यांच्या समूहाची नोंद ठेवणे, हा समाजवादी कार्यकर्त्याच्या विचाराचा विषय कसा होऊ शकतो? ज्या जिल्ह्यात कुपोषण अद्याप हटलेले नाही आणि वनहक्काच्या दाव्यांसाठी आदिवासींना कचेरीचे उंबरठे झिजवावे लागले, तेथे चार चाकांच्या फळीचे कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. मी त्याला बगल देणार नाही. माझ्या मते हा विषय खेळाचा कमी आणि जागेचा अधिक आहे.

आपण जेथे जमलो आहोत ते ठिकाणच पाहा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. मुख्यालयासाठी कोळगाव परिसरातील सुमारे ४४० हेक्टर शासकीय जमीन ठरली. त्यातील शंभराहून थोड्या अधिक हेक्टरांवर सिडकोने कार्यालये उभारायची आणि उरलेल्या जमिनीवर नवे नगर वसवून, भूखंड विकून तो खर्च भरून काढायचा, असा हा व्यवहार. ऑगस्ट २०२१ मध्ये मुख्यालयाचे उद्घाटन झाले. व्यवहार चतुर आहे, यात शंका नाही. परंतु अशा हिशेबात प्रत्येक चौरस मीटरला भाव असतो, आणि ज्या तुकड्याला अजून गिऱ्हाईक नाही तो 'रिकामा' म्हणून नोंदला जातो. तेथे कोण बसते, कोण खेळते, याची नोंद कोणत्याही वहीत नसते. उद्या बोईसरच्या कामगार वस्तीतले एखादे पोर फळी बगलेत मारून येथे आले, तर त्याला या पायऱ्या, हे कठडे, ही गुळगुळीत फरशी यांचा असा उपयोग सापडेल, जो आराखडा काढणाऱ्याच्या स्वप्नातही आला नसेल. मग शिट्टी वाजेल आणि त्याला हाकलले जाईल. तो तेथे आला होता, याला पुरावा काय?

या खेळाचा सारा इतिहास असाच, दुसऱ्याच्या कामासाठी बांधलेल्या जागेत घडला आहे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी मातीच्या किंवा धातूच्या चाकांऐवजी पॉलियुरेथेनची चाके आली आणि फळी रस्त्यावर पकड घेऊ लागली. पुढे १९७६-७७ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातील श्रीमंतांचे पोहण्याचे हौद कोरडे पडले, तेव्हा पोरे कुंपणावरून उड्या मारून त्या हौदांत उतरली. दुष्काळात हौद कोणाचे आटतात आणि विहिरी कोणाच्या, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. १९७५ साली ह्यू हॉलंड नावाच्या छायाचित्रकाराला लॉस एंजेलिसच्या टेकड्यांत, पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या काँक्रीटच्या पाटात ही मुले दिसली. पुढची दोन-तीन वर्षे तो त्यांच्यामागे हिंडला. त्या चित्रांचे पुस्तक निघायला २०१० साल उजाडावे लागले. त्या वेळी कोणालाच महत्त्वाचे न वाटलेले काम आज त्या पिढीच्या शहरजीवनाचा अव्वल दस्तऐवज मानले जाते.

लंडनचे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. थेम्सच्या दक्षिण काठावर क्वीन एलिझाबेथ हॉल हे संगीतगृह १९६७ साली उघडले. त्याच्या पोटाखाली खांबांच्या दाटीत एक निरुपयोगी जागा उरली होती. १९७० च्या दशकापासून स्केटबोर्डवाल्यांनी ती आपली केली. २०१३ मध्ये व्यवस्थापनाने तेथे दुकाने व उपाहारगृहे काढण्याची योजना मांडली. त्यांच्या उत्पन्नातून कलेचा खर्च भागवायचा, हाच युक्तिवाद. कोळगावच्या श्रोत्यांना तो ओळखीचा वाटावा. मुलांना दुसरीकडे नवी जागा बांधून देण्याची तयारीही होती. मुलांनी ती नाकारली. त्यांच्याकडे मालकीचा कागद नव्हता, पण दशकानुदशकांची छायाचित्रे आणि चित्रफिती होत्या. बाप तरुणपणी ज्या खांबापाशी उभा होता, त्याच खांबापाशी आज मुलगा उभा आहे, हे त्यांतून दाखवता येत होते. इंग्लंडच्या कायद्यात वीस वर्षांच्या अखंड सार्वजनिक वापरावरून मोकळ्या जागेला 'ग्रामहिरवळी'चा दर्जा मागता येतो. तसा अर्जही त्यांनी केला. अर्ज फळाला आला नाही, परंतु लोकमत फिरले. सप्टेंबर २०१४ मध्ये ती जागा राखण्याचा करार झाला आणि पूर्वी बंद केलेला तिचा एक भाग २०१९ मध्ये पुन्हा खुला झाला.

आता हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा सिद्ध करण्यासाठी या जिल्ह्यातील वारली, कातकरी, कोकणा बांधवांनी काय काय गोळा केले, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. जुन्या दंडाच्या पावत्या, विहीर, बांध आणि गावातल्या म्हाताऱ्याचा लेखी जबाब. नियमांत वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून धरला आहे, ही त्या कायद्याची मोठीच गोष्ट. 'आम्ही येथे होतो' हे सिद्ध करण्याचे ओझे नेहमी गरिबावरच का पडते, हा प्रश्न आहेच. पण ते पडते, हे वास्तव आहे. शहरातल्या पोरांचा सातबारा नसतो. तारीख आणि ठिकाण लिहिलेले छायाचित्र हाच त्यांचा म्हाताऱ्याचा जबाब. दोन हक्क सारखे आहेत असे मी म्हणत नाही. एक पोटाचा आहे, दुसरा अंगणाचा. पण दोन्हींना नाकारणारी वही एकाच पद्धतीने लिहिलेली असते.

मात्र कॅमेरा हातात घेतला म्हणजे आपण आपोआप लोकांच्या बाजूचे झालो, या भ्रमात राहू नका. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड काढले. त्यांत आपल्या देशातील जाती-जमातींची शेकडो छायाचित्रे आहेत. माणूस समोर उभा, खाली जातीचे नाव आणि स्वभावाविषयी साहेबाचा शेरा. बहुतेकांचे स्वतःचे नाव नाही. तीही नोंदच होती, पण राज्य करणाऱ्याच्या सोयीची. याउलट, मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षे वावरून सुधारक ओलवे यांनी जी चित्रे घेतली, त्यांत दिसतो तो माणूस, नमुना नव्हे.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. काबूलमध्ये २००७ पासून 'स्केटिस्तान' या संस्थेने मुलींना स्केटबोर्ड शिकवले. त्या मुलींची जेसिका फुलफर्ड-डॉब्सन यांनी घेतलेली चित्रे जगभर वाखाणली गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परतले. कालपर्यंत कौतुकाचे असलेले चित्र एका दिवसात त्यातील मुलीविरुद्धचा पुरावा ठरू शकते. म्हणून मुलीचे छायाचित्र घेताना तिची संमती हवीच, आणि ती नंतर मागे घेण्याचा हक्कही तिला हवा.

'हा श्रीमंतांचा चाळा' या आक्षेपालाही उत्तर दिले पाहिजे. फळी स्वस्त नाही, हे खरे. पण मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातील जनवार या खेड्यात २०१५ मध्ये उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी स्केटबोर्डची जागा उभारली. नियम दोनच: शाळा नाही तर फळी नाही, आणि पहिला मान मुलींचा. आदिवासी आणि यादव मुले, जी पूर्वी एकमेकांजवळ येत नसत, ती एकाच उतारावर आली. तेथील आशा गोंड ही मुलगी २०१८ मध्ये चीनमधील जागतिक स्पर्धेपर्यंत पोहोचली. आपल्या महाराष्ट्रात, पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत या खेळाचे सुवर्णपदक मिळवले. तिचे वडील सुरक्षारक्षक असल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. पोरांना हाकलण्यासाठी ज्याला शिट्टी देऊन उभे केले जाते, त्याच वर्गातली ही मुलगी.

३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी येथल्या सिडको मैदानावर झाली, तेव्हा कॅमेऱ्यांना तोटा नव्हता. ज्या मच्छीमारांनी त्या बंदराला वर्षानुवर्षे विरोध केला, त्यांच्याकडे किती कॅमेरे वळले, हे तुम्ही जाणता. जे मैदान इतर वेळी मोकळे असते, त्याची चित्रे तर कोणीच घेत नाही. ती तुम्ही घ्या. स्केटबोर्डवाला भेटला तर त्याची, नाही तर क्रिकेट खेळणाऱ्यांची, सायकल शिकणाऱ्या मुलीची, संध्याकाळी पायरीवर टेकलेल्या कामगारांची. उडी हवेत असतानाचे चित्र सर्वांनाच आवडते. पण उडीआधी तासभर बसून राहणे, पडणे, चाक घट्ट करणे, धाकट्याला फळी उसनी देणे, यांत समूह दिसतो. प्रत्येक चित्रामागे तारीख, ठिकाण आणि, त्याची हरकत नसेल तर, त्याने स्वतः सांगितलेले नाव लिहा. एक प्रत छापून त्याच्या हातात द्या. मोबाईलमधली चित्रे मोबाईलबरोबरच जातात. आणि हाकलायला येणाऱ्या सुरक्षारक्षकाचेही चित्र घ्या, अर्थात त्याला विचारून. तो कोणत्या कंत्राटदाराकडे आहे, किती तास उभा असतो आणि त्याला बसायला खुर्ची दिली आहे का, तेही त्याच वहीत उतरवा.