निकाल देण्याआधी कागद वाचा



आज पुलगावात मला एका चरित्र-अभ्यासक बाईंविषयी बोलायचं आहे. मीरा कोसंबी (१९३९–२०१५) या समाजशास्त्रज्ञ. त्यांचे आजोबा धर्मानंद कोसंबी यांनी १९४७ साली आपल्याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, अन्नत्याग करून देह ठेवला. मीराताईंनी आजोबांचं ‘निवेदन’ हे आत्मचरित्र इंग्रजीत आणलंच. पण त्यांच्या अभ्यासाचा मोठा भाग होता समाजसुधारक पंडिता रमाबाई. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ साली मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन काढलं. पुढे ते पुण्याला गेलं. १८९३ साली तिथल्या मुलींच्या धर्मांतराचा प्रश्न पेटला, टिळकांचं वृत्तपत्र ‘केसरी’ तुटून पडलं. रानडे आणि भांडारकर हे सुधारकही सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तेव्हापासून कुणी रमाबाईंना धर्मबुडवी म्हटलं, कुणी संत ठरवलं. मीराताईंनी या भांडणात वकीलपत्र घेतलं नाही. त्यांनी रमाबाईंचं लेखन निवडून, मराठीतलं इंग्रजीत भाषांतरित करून २००० साली ग्रंथरूपात मांडलं. रमाबाईंची पत्रं वाचली की दोन्ही शिक्के ढिले होतात. पुण्याच्या सनातन्यांपुढे न झुकणारी ही बाई इंग्लंडमधल्या चर्चच्या अधिकाऱ्यांशीही धर्मतत्त्वांवरून तितक्याच ठामपणे वाद घालत होती. तिला मिशनऱ्यांच्या हातातलं बाहुलं कसं म्हणायचं?

कुणी म्हणेल, स्वतःविषयी माणूस स्वतःच्या सोयीचंच लिहितो. खरं आहे. म्हणून त्या लेखनाशेजारी विरोधकांचे कागदही ठेवावे लागतात. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: समजून घेणं म्हणजे पांघरूण घालणं नव्हे का? एक उदाहरण घ्या. रमाबाईंनी १८९६–९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून, म्हणजे आपला जिल्हा तेव्हा ज्यात होता त्याच प्रांतातून, शेकडो मुली पुण्याजवळच्या केडगावला आपल्या आश्रमात नेल्या. त्यांतल्या पुष्कळजणी पुढे ख्रिस्ती झाल्या. पहिलं वाक्य गाळलं तर निंदा होते, दुसरं गाळलं तर आरती. दोन्ही लिहिली तरच चरित्र होतं, आणि मग टीका करायलाही भक्कम आधार मिळतो.

मित्रांनो, एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीविषयी मोबाइलवर चार ओळी आल्या की पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा: त्या व्यक्तीने स्वतः काय लिहिलं? विरोधकांचं नेमकं म्हणणं काय होतं? आणि माझ्या मताला न मानवणारा पुरावा कोणता? तिसऱ्याचं उत्तर सापडेपर्यंत मत राखून ठेवा.