केसपेपरमागचं सॉफ्टवेअर



छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी नावाचं गाव आहे. दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या काही डॉक्टरांनी तिथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था उभी केली. आसपासच्या जंगलपट्टीतले क्षयाचे, सिकलसेलचे रुग्ण तिच्या रुग्णालयात येतात. केसपेपर, लॅबचे रिपोर्ट, औषधांचा साठा आणि बिल या सगळ्याची सांगड घालणारी ‘बहमनी’ ही संगणकप्रणाली आधी इथे वापरात आली. थॉटवर्क्स कंपनीतल्या मंडळींनी ती बांधली आणि कुणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, हवी तशी बदलावी म्हणून खुली ठेवली.

ती शून्यातून लिहिलेली नाही. केसपेपरसाठी ओपनएमआरएस, लॅबसाठी ओपनएलिस, बिलासाठी ओडू, अशी आधीच खुली असलेली सॉफ्टवेअर तिने जोडून घेतली. यातल्या ओपनएमआरएसची सुरुवात 2004 सालची. पश्चिम केनियातल्या एल्डोरेटला एचआयव्हीचे रुग्ण वाढत चालले होते आणि त्यांच्या नोंदी सांभाळणं अवघड झालं होतं. ओपनएमआरएस लिहिणाऱ्यांनी एक शहाणपण केलं. ‘वजन किती’, ‘खोकला किती दिवस’ असले प्रश्न प्रोग्रॅमच्या पोटात न कोंबता वेगळ्या कोशात ठेवले. नवा आजार आला की कोशात भर घालायची, प्रोग्रॅमला हात लावायचा नाही.

पुढे पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला, तेव्हा सिएरा लिओनमधल्या केरी टाउनच्या उपचार केंद्रासाठी ओपनएमआरएसच बेतून घेतलं गेलं. तिथली अडचण विलक्षण होती. रुग्णकक्षातला कागद बाहेर आणणं म्हणजे संसर्ग बाहेर आणणं. डॉक्टर आणि नर्स अंगभर संरक्षक पोशाखात; त्या उकाड्यात जेमतेम तासभर टिकणार. इबोला केंद्रांमध्ये कुंपणापलीकडच्या माणसाला ओरडून आकडे सांगावे लागत. त्याऐवजी आत टॅब्लेटवर नोंद करायची आणि ती बाहेर वाचायची, अशी सोय झाली.

पण असं सॉफ्टवेअर एकदा बसवून भागत नाही. उपचार बदलतात, सरकारी तक्ते बदलतात, चुका सापडतात. जेझ हंबल आणि डेव्हिड फार्ली यांचं ‘कंटिन्युअस डिलिव्हरी’ हे पुस्तक 2010 साली आलं. दोघंही थॉटवर्क्समध्ये काम केलेले. त्यांचं सांगणं थोडक्यात असं: सहा महिन्यांचे बदल एका गठ्ठ्यात चढवू नका. लहान लहान बदल करा, ते लगोलग मूळ प्रोग्रॅममध्ये मिसळा, चाचण्या यंत्राकडूनच करून घ्या आणि प्रोग्रॅम केव्हाही वापरायला देता येईल असा तयार ठेवा.

केव्हाही देता येईल, म्हणून केव्हाही द्यावा असं मात्र नाही. शहरातल्या कंपन्या दिवसातून कितीदा तरी ॲप बदलतात. बिघडलं तर कुणाचं जेवण उशिरा येतं. ओपीडीला रांग लागलेली असताना पडदा बदलला आणि औषधाच्या डोसाचा रकाना इकडचा तिकडे गेला, तर? बदल तयार ठेवावा प्रोग्रॅमरने. चढवायची वेळ ठरवावी रुग्णालयाने. बदल लहान असला की घोळ कुठे झाला ते चटकन सापडतं, मागेही घेता येतो. मोठ्या गठ्ठ्यात तेच शोधत बसावं लागतं, आणि वर वीज गेलेली.

एक गोष्ट मात्र सहजी मागे घेता येत नाही. डेटाबेसमधला रकाना एकदा पुसला, की जुना प्रोग्रॅम परत आणूनही त्यातली माहिती येत नाही. तिथे बॅकअपच लागतो.

सॉफ्टवेअर फुकट असलं तरी ही मेहनत फुकट होत नाही. देणगीतून संगणक येतात, नारळ फुटतो, फोटो निघतात. चाचण्या लिहिणाऱ्याच्या पगाराला कुणी वाली नसतो. निधी देणारे विचारतात, संगणक किती घेतले, प्रशिक्षण किती जणांना दिलं. मला विचाराल तर निधीच्या अर्जात आणखी एक प्रश्न हवा: शेवटचा बॅकअप परत चढवून कधी पाहिला?