टर्बो गाडीसाठी इंजिन-नियंत्रक कसा निवडावा?



सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर टर्बोचार्जर फिरतो व इंजिनात जादा हवा कोंबतो. त्या हवेला पेट्रोल किती द्यावयाचे, ठिणगी केव्हा पाडावयाची, हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवितो. तो निवडताना ‘ताकद किती वाढेल?’ हा प्रश्न शेवटी विचारावा.

पहिला प्रश्न मोजमापाचा. वातावरणाचा दाब सुमारे १ बार असतो. टर्बोने आणखी १ बार चढविला की एकूण २ बार होतात. १ बारपर्यंतच मोजणाऱ्या सेन्सरला वरचा दाब कळत नाही. मग पेट्रोल कमी पडते, मिश्रण अवेळी भडकते, म्हणजेच नॉकिंग होते, आणि पिस्टन निकामी होतो. म्हणून अशा गाडीला २.५ ते ३ बारचा सेन्सर असावा.

दुसरे, नॉकिंग ओळखणारा सेन्सर हवा. स्वीडनच्या साब कंपनीने १९८० च्या दशकारंभी नॉकिंग होताच टर्बोचा दाब उतरविणारी योजना ९०० टर्बो गाडीत आणली.

तिसरे, दाब मर्यादेबाहेर गेल्यास पेट्रोल तोडण्याची सोय हवी.

मित्रहो, जाहिरातीतील अश्वशक्तीला भुलू नका. इंजिन वाचविणारा नियंत्रक निवडा.