ठकीचा गाल

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. तो मी बदलून घेतला. आपली मुलं त्यातलं आपल्यापेक्षा जास्त जाणतात, आणि मला आज एक कबुली द्यायची आहे.

नववीत आपण जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं होतं. अडकित्ते, पानपुडे, पितळी समया यांच्यात एक लाकडी ठकी होती. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीची. तिची पणजी सावंतवाडीची, लग्न होऊन धुळ्याला आली ती ही बाहुली घेऊन. टेबलाची राखण माझ्याकडे होती. माझ्याच हातून टेबलक्लॉथ ओढला गेला, ठकी फरशीवर पडली आणि डाव्या गालाचा टवका उडाला.

मी ठकी दप्तरात घालून घरी नेली. फेविकॉल आणि लाकडाच्या भुशाने खड्डा भरला. काका नंबरप्लेटा रंगवायचे. त्यांच्या डब्यातल्या पांढऱ्या ऑइल पेंटमध्ये जरा लाल-पिवळा मिसळून गाल रंगवला. दोन दिवसांनी बाहुली परत केली. कुणाला काही कळलं नाही.

मागच्या दिवाळीत ग्रुपवर तिचा फोटो आला: ‘पणजीची ठकी, हात न लावलेली, संग्रहालयाला देतोय.’ माझ्या पोटात गोळा आला.

तेव्हापासून मी जुन्या बाहुल्या कशा तपासतात ते वाचत बसले. सवयच आहे, बग सापडल्याशिवाय झोप येत नाही. पहिला धडा असा की, अंगावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. बार्बीच्या पाठीवर १९६६ दिसलं की लोक खूश होतात. पण ते साल शरीराच्या साच्याच्या कॉपीराइटचं. पुढे कित्येक वर्षं बनलेल्या बाहुल्यांवरही तेच आहे. आमच्या प्रोग्रॅमच्या माथ्यावरही असंच जुनं साल असतं, खालचा कोड कालचा असतो.

लाकडी बाहुलीत भेगा बघायच्या. लाकूड वाळून तडकतं तेव्हा मूळ रंगही त्याच्याबरोबर फाटतो, कडा तुटक दिसतात. रंग भेगेच्या आत उतरला असेल तर तो भेगेनंतर लावलेला. झीजही पटली पाहिजे: नाक, डोकं, बैठक हे हाताळून गुळगुळीत होणार. नाक झिजलेलं आणि त्यावरचा रंग मात्र कोरा, असं कसं होईल? मग अतिनील टॉर्च, नोटा तपासायला वापरतात तसला. अंधारात जुनं वार्निश पिवळट-हिरवट उजळतं. त्यावर नंतर मारलेला रंग काळ्या डागासारखा उठतो. पांढरा गोंद निळसर चमकतो, आणि फेविकॉल बाजारात आलं १९५९ मध्ये. एक मात्र करू नका: ॲसिटोन. भट्टीत भाजलेल्या चिनी मातीच्या चेहऱ्यावर तज्ज्ञ ते वापरतात, कारण तो रंग निघत नाही. आपल्या लाकडी बाहुलीचा चेहराच पुसून जाईल. ओल्या फडक्यानेही पुसू नका.

गेल्या महिन्यात मी धुळ्याला गेले. मैत्रीण, तिची आई आणि मी. पडदे ओढले, टॉर्च लावला. डाव्या गालावर काळा डाग, भोवती निळसर कड. मी सगळं सांगून टाकलं. मैत्रीण माझ्याकडे बघतच राहिली.

मग मी ठकी उलटी केली. पाठीवर, पदराच्या जागी, दुसरा काळा डाग होता. भिंगातून पाहिलं, तर लाल रंग भेगेत उतरलेला. तिथे मी कधी हात लावला नव्हता.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ते माझं आहे गं. लग्नाच्या पहिल्या वर्षी चुलीजवळ ठेवली, तडकली. सासूबाई गावाला गेल्या होत्या, त्या यायच्या आत कुंकवाच्या लाल रंगाचा डबा आणून रंगवली. त्या गेल्या, तरी मी त्यांना सांगितलं नाही.”

मैत्रीण आधी रागावली, मग हसत सुटली. बाहुली तिने द्यायची ठरवलीच आहे. सोबतच्या कागदावर आम्ही दोन्ही दुरुस्त्या लिहिल्या, कुठे, कशाने आणि कुणी. काकूंनी स्वतःच्या ओळीपुढे सही केली. माझी सही आज, तुम्हा सगळ्यांसमोर, ह्या व्यासपीठावर करायची राहिली आहे. बाई, पेन देता का?